अमावास्येचं दुखणं

मावशी पहिल्यांदा आल्या त्या गणपती उलटल्यावर. दापोलीतल्या माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत शिरताना एक हात भिंतीला, दुसरा कमरेवर. पिशवीत कमरेचा एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट आणि मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी. दोन वर्षांपूर्वी चिकनगुनिया झाला होता. ताप चार दिवसांत उतरला. मनगटं, गुडघे, कंबर, मान मात्र तेव्हापासून धरलेली ती धरलेलीच. चिकनगुनियानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखू शकतात हे खरं, पण आता सांध्यांना सूज नव्हती, संधिवाताच्या तपासण्या डॉक्टरांनी करून घेतल्या होत्या, त्या साफ होत्या. वजन उतरलेलं नव्हतं, पायांत बधिरपणा नव्हता.

“मणके झिजलेत बाय. आन अमावास्येला तर जीव जातो.”

अमावास्येचं ऐकून मी मनातल्या मनात हसले. कोकणात दर दुसरा पेशंट हे सांगतो. आणि मग मी तेच सांगितलं जे वर्षानुवर्षं सांगत आले होते: मासळीची पाटी उचलू नका, वाकू नका, आराम करा. वर शेक आणि चार व्यायाम.

ऑक्टोबरात घरी पाहुणे आले म्हणून संध्याकाळी हर्णै बंदरावर गेले. मासळीचा लिलाव ऐन रंगात होता. होड्यांवरून माल किनाऱ्यावर येत होता, समोर सुवर्णदुर्ग, पायाखाली बर्फाचं पाणी. कोलंबीच्या ढिगाशी उभी असताना बाजूनं एक बाई झपाझप गेली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गच्च भरलेली पाटी, एक हात वर. माझ्याकडे हाच हात खांद्याच्या वर जात नव्हता. मावशी! मी कोलंबी विसरून बघत राहिले. बारा फेऱ्या मोजल्या.

खोटं कशाला सांगू, मला राग आला. महिनाभर ही बाई मला बनवतेय असंच वाटलं.

त्यानंतर चार दिवस मावशी आल्याच नाहीत. पाचव्या दिवशी मुलगा रिक्षातून घेऊन आला. चेहरा सुजलेला, झोप नाही, पायऱ्या चढताना कण्हत होत्या. मी जरा तिखटपणेच विचारलं, “बंदरावर तर पळत होतात.”

“मग काय करू? घरची होडी डोलीची. उधाणाला मासळी येते, तेव्हाच चार पैसे. भांगाला तू सांगतेस तशी पडूनच असते की.”

सगळं या एका वाक्यात होतं. ते माझ्या ध्यानात यायला मात्र आणखी सहा आठवडे लागले. डोल म्हणजे ओहोटी-भरतीच्या ओढीवर चालणारं जाळं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती-ओहोटी ते उधाण, मधल्या अष्टमीच्या आसपास मंद ती भांग. पाण्याला जोर उधाणाचा, भांगात जाळ्याला काम कमी. मी मावशींना घरातल्या कॅलेंडरवर दोन गोष्टी लिहायला सांगितल्या: जास्त दुखलं तर फुली, आणि पाट्यांच्या फेऱ्यांचा आकडा. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी पानं फाडून आणली. फुल्या अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत दाटल्या होत्या. आणि पौर्णिमेनंतरच्याही! पौर्णिमेला कोणी बोल लावत नाही, म्हणून ती लक्षातच राहिली नव्हती. फुल्यांच्या आधी आकडे 12, 14, 13. मधल्या भांगाच्या दिवसांत शून्य, शून्य, शून्य. ते शून्य माझे होते. मीच लिहून दिलेले.

अंग आठवडाभर बसवून ठेवायचं आणि मग एका संध्याकाळी चौदा फेऱ्या. धडधाकट माणूसही आडवा होईल. इथे तर मज्जासंस्था आधीच तापलेली. मावशींना मी राखणीच्या कुत्र्याचं उदाहरण दिलं. चोर येऊन गेला की कुत्रा पुढे कित्येक दिवस झावळी पडली तरी भुंकतो. भुंकणं खरं असतं, चोर नसतो. दुखणं खरं, पण दर वेळी आत काही मोडतंय असं नाही.

“आन झीज?”

2015 साली अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त माणसांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र मांडून पाहिल्या होत्या. मणक्यांमधल्या चकत्यांची झीज विशीतल्या 37 टक्के लोकांत आणि पन्नाशीतल्या 80 टक्के लोकांत निघाली. मी हे सांगितल्यावर मावशी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “म्हणजे केस पिकल्यासारखं?” मला इतकं नेमकं सुचलं नसतं. ‘झीज’ हा शब्द मी त्या दिवसापासून जपून वापरते. तो ऐकला की माणूस खाली पडलेली किल्लीही उचलत नाही.

मग हिशेब मांडला. वाईट दिवशीही किती फेऱ्या जमतात? पाच. तर चारपासून सुरुवात, पाटी अर्धी. चार झाल्या की बसून मासळी निवडायची, दुखत असो वा नसो. ही अट मावशींना सर्वांत जड गेली, कारण बरं वाटतंय तेव्हा थांबायचं कसं हेच त्यांना पटेना. भांगातही चार फेऱ्या, मासळी नसेल तर पाण्याची कळशी. आठवड्याला एक फेरी वाढवायची. गोळ्यांचं मी डॉक्टरांवर सोपवलं. रिकाम्या पोटी रोज दोन घेत होत्या, पोटाला आणि मूत्रपिंडाला ते परवडणारं नव्हतं.

सरळ काही गेलं नाही. शिमग्यात पालखीमागे दोन दिवस नाचल्या आणि तीन दिवस झोपल्या. मी रागावले नाही. पालखी काय कॅलेंडर विचारून येते?

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी. मागच्या वर्षी या दोन महिन्यांत त्या बसून होत्या आणि ऑगस्टच्या उधाणाला एकदम कोसळल्या होत्या. यंदा पाऊस असो नसो, पडवीतून गोठ्यापर्यंत लाकडांची अर्धी पाटी घेऊन चकरा. शेजारीण विचारायची, गोठ्यात कोणाचं लग्न आहे?

नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या मोठ्या लिलावाला मी मुद्दाम गेले. गुडघे दुखतच होते, त्यांनीच सांगितलं. आठव्या फेरीला त्यांनी पाटी खाली ठेवली, चुंबळ मांडीवर घेतली आणि बसल्या. पुढच्या ढिगाची बोली सुरू झाली होती. मुलगा लांबून हाका मारत होता, “आई, चल ना!” मावशी बोंबील निवडत राहिल्या.