हब उघडायचा का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसा हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. दारात धुळीने माखलेली काळी सायकल उभी असते. मागच्या चाकाचा हब, म्हणजे तारा जिथे येऊन मिळतात तो मधला भाग, नेहमीपेक्षा जाड, हँडलवर अंगठ्याने दाबायचा छोटा खटका, आणि आणणारा म्हणतो, "काका, आजोबांची तीन गिअरची सायकल आहे. गिअर पडत नाहीत. मार्टवाला म्हणतो हब गेला, चाकच बदला. तुम्ही हब उघडून द्याल का?"

माझं उत्तर ठरलेलं. नाही. निदान आज तरी नाही.

समोरच्याचा चेहरा पडतो. मी सातपूरच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली, हे ऐकून लोक आलेले असतात. त्यांना वाटतं म्हातारा टाळतोय. पण निवृत्त झाल्यापासून माझ्या हाताखालून तीन गिअरच्या चाळीसेक सायकली गेल्या असतील, आणि त्यांतले खरोखर उघडावे लागलेले हब फक्त सहा. बाकीच्यांचं दुखणं एक तर केबलमध्ये होतं, नाहीतर तेलात.

हे का, ते कळायला हबच्या पोटात डोकवावं लागेल, पण पाना न लावता. मला नाशकात भेटलेले जवळपास सगळे हब एकाच कुळीचे आहेत: स्टर्मी-आर्चरचा 'एडब्ल्यू'. कंपनी मूळची इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची. रॅले सायकलच्या फ्रँक बाउडन यांनी 1902 मध्ये उभी केलेली. नाव मात्र हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांचं. एडब्ल्यू आला 1930च्या दशकात, आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्याच्या आतल्या रचनेला कुणी फारसा हात लावला नाही. लावायची गरजच पडली नसावी. 2000 मध्ये कंपनी तैवानच्या सनरेसकडे गेली, त्यांचे तीन गिअरचे हब आजही बनतात.

आक्सलवरच 20 दात्यांचं एक चक्र असतं. ते जागचं हलत नाही. त्याला चिकटून 20-20 दात्यांची चार छोटी चक्रं फिरतात, आणि त्या चौघांना बाहेरून वेढणारी 60 दात्यांची कडी, दाते आतल्या बाजूला. 20 भागिले 60. सगळं गणित एवढंच. दुसऱ्या गिअरात मागचं चेनचक्र एक वेढा फिरलं की चाकही एकच वेढा फिरतं. तिसऱ्यात चाक एक तृतीयांश जास्त फिरतं, पहिल्यात पाव कमी. गिअर बदलताना आत फक्त एक फुलीच्या आकाराचा तुकडा बोटाच्या पेराएवढाही न सरकता इकडचा तिकडे होतो. त्याला ओढते ती आक्सलच्या पोकळीतून आलेली बारीक साखळी, आणि साखळीला ओढते केबल.

आता यातली गंमत बघा. केबल ताणली की पहिला गिअर, सैल सोडली की तिसरा. म्हणजे केबल तुटली, गंजून अडकली, किंवा कुणी वैतागून कापून टाकली, तर सायकल बंद पडत नाही. ती आयुष्यभर तिसऱ्यात चालत राहते. यावर पुढे येतो.

अर्धीमुर्धी सैल केबल मात्र धोक्याची. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधोमध एक जागा अशी आहे की तिथे काहीच लागत नाही. रविवार कारंजाच्या चढावर तुम्ही उभं राहून पायडल मारताय आणि पायाखालचं पायडल अचानक रिकामं होतं. पुढे माणूस कुठे आपटतो ते सांगत नाही, पुरुष मंडळींना कल्पना येईल. लोक म्हणतात गिअरचे दाते झिजले. दाते शाबूत असतात. खटका दुसऱ्यावर ठेवा. उजव्या बाजूच्या लांब नटाला एक भोक असतं, त्यातून आत बघा. साखळीच्या मुळाशी जी काडी आहे, तिचा खांदा आक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत दिसला पाहिजे. आत गेला असेल तर केबल एक-दोन आटे ताणायची, बाहेर आला असेल तर सैल करायची, आणि छोटा चेकनट आवळायचा. दोन मिनिटांचं काम. यासाठी लोकांनी अख्खी चाकं फेकलेली मी पाहिली आहेत.

मग तेल. हबच्या पाठीवर एक टोपण असतं, पूर्वी पत्र्याचं, नंतर प्लास्टिकचं. ते शोभेचं नाही. त्यातून महिन्या-दोन महिन्यांनी साधं 20 नंबरचं ऑइल अर्धा चमचा सोडायचं, इतकंच. आपल्याकडे सायकल मार्टात 'ओव्हरहॉलिंग'ला सर्रास 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात. त्याला हसणारे हसोत, या हबपुरता तो शब्द मला जास्त बरोबर वाटतो. पण तेल कसलं, हेही महत्त्वाचं. कुणी टोपणातून ग्रीस ठासतं. मिस्त्री लोक ज्यांना कुत्रे म्हणतात त्या आतल्या छोट्या खिट्या ग्रीसमध्ये रुततात. त्यांच्यामागे केसाएवढ्या तारेच्या स्प्रिंगा असतात. त्यांच्या अंगात ती ताकद कुठली?

एकदा जानेवारीत, निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो त्या दिवसांत, गंगापूर रोडचा एक मुलगा आला. "काका, सकाळी सायकल चालतच नाही. पायडल पुढे मारा, मागे मारा, रिकामंच. दुपारी बारानंतर चांगली चालते." मला वाटलं पोरगं थट्टा करतंय. म्हटलं, रात्रभर ठेव इथे. सकाळी सहाला स्वेटर घालून अंगणात गेलो, पायडल फिरवलं. चेन फिरते, चाक ढिम्म. चहा घेऊन परत बसलो. टोपण उघडून आत काडी घातली, बाहेर आली ती पांढरी. नाकाशी नेली. खोबरेल! फोन केला तर म्हणाला, "आजीने सांगितलं. मशीनला आम्ही तेच घालायचो म्हणाली." आजीचं शिवणयंत्र घरात, उबेला असणार. हा बिचारा हब गच्चीच्या जिन्यात थंडीत गोठत होता. बारा वाजता ऊन लागलं की कुत्रे सुटायचे. डिझेलने दोनदा धुतला, रात्रभर आडवा ठेवून निथळू दिला, ऑइल घातलं. हब उघडला नाही. आजीला नमस्कार सांगितला.

उघडायला मी इतका का घाबरतो, तेही सांगून टाकतो. पहिला हब मी मोठ्या तोऱ्यात उघडला होता. टूलरूमचा माणूस, मायक्रॉनमध्ये काम केलेला, सायकलच्या हबची काय मातब्बरी? ओट्यावर पेपर पसरला, डावा कोन (आक्सलवरचा, छर्ऱ्यांना टेकणारा नट) काढला, उजव्या बाजूच्या छर्ऱ्यांच्या रिंगला खाचेत पंच लावून हातोडीने उलटी ठोकली, आणि सगळी यंत्रणा एका तुकड्यात बाहेर आली. फार सुंदर दिसते ती. मग मी एक कुत्रा बोटाने दाबून बघितला. टिक असा आवाज झाला आणि स्प्रिंग गेली. कुठे गेली, देव जाणे. तीन दिवस घरच्यांना ओटा झाडू दिला नाही. शेवटी तंबोऱ्याच्या तारेतून एक वळवली. ती दोन महिने चालली आणि मोडली. खरी स्प्रिंग परदेशातून मागवली, तिच्यापेक्षा टपालखर्च जास्त.

ते एक. दुसरी चूक त्याहून वाईट, कारण ती मला कळलीच नाही. चाकाचा आऊट, म्हणजे रिमचा डोल, मी आधी काढून ठेवला होता, चाळीसच्या चाळीस तारा एका सुरात. हब जोडला, चाक फिरवलं, आणि रिम डोलायला लागली. परत आऊट काढला. तासभर डोकं खाजवत बसलो. पुढे कळलं की त्या रिंगचे आटे दुहेरी असतात. बाटलीचं झाकण दोन जागांवरून सुरू होऊ शकतं तसं. काढताना रिंग आणि हबचं शेल यांच्यावर खूण केली नाही आणि दुसऱ्या आट्यावर चढवली, तर जुना आऊट बिघडू शकतो. एक छोटी खूण, पेन्सिलीचीही चालली असती. टूलरूममध्ये नव्या पोरांना मी याच कारणावरून बोलायचो.

उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं असा हब म्हणजे पुरातला. 2019च्या ऑगस्टात गंगेला पाणी आलं तेव्हा (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) दुतोंड्या मारुती (नदीतली मूर्ती, आम्ही पूर तिच्यावरूनच मोजतो) बुडाल्याची बातमी कळताच सराफ बाजाराकडच्या लोकांनी माल वर चढवला. एका वाड्यात जिन्याखालची सायकल मात्र तशीच राहिली. मालकांनी नंतर ती धुतली, पुसली, वरून तेल लावलं, सीटही नवी घातली. माझ्याकडे आणली सहा महिन्यांनी. चाक उचलून फिरवलं तर आत कुणीतरी कुरमुरे चावतंय असा आवाज.

या खेपेला घाई केली नाही. आधी खूण. मग खाली पेपर न घालता ॲल्युमिनिअमची परात. रिंग सुटायला दोन दिवस लागले. रोज संध्याकाळी डिझेल सोडायचो, सकाळी दोन ठोके द्यायचो. सुटली तेव्हा आतून चहाच्या चोथ्यासारखा काळपट गाळ परातीत पडला, आणि त्यात भाताचं एक तूसही होतं. ते कुठल्या शेतातून वाहत आलं असेल? छर्रे सगळे गेलेले, खड्डे पडलेले. कोनही गेलेला. एक कुत्रा त्याच्या खिळ्यावर गंजून घट्ट. पण चारही छोटी चक्रं दात घासायच्या ब्रशने घासली तेव्हा गंजाखालून दाते निघाले ते असे, जणू काल कापलेत. त्या जुन्या पोलादापुढे मी माझ्या धंद्यातला माणूस म्हणून हात जोडतो.

जोडताना एकच गोष्ट लोक चुकतात, म्हणून लिहितो. उजवा कोन बोटाने बसेल तितका घट्ट करायचा, मग अर्धा फेरा मागे घ्यायचा आणि तिथेच कुलूप लावायचं. बाकी सगळी बारीक सोय डाव्या कोनाने करायची. रिमला धरून हलवलं तर जाणवेल न जाणवेल इतकीच ढिलाई ठेवायची. पाना हातात आला की आपल्याला आवळायची खुमखुमी येते. ती इथे आवरायची.

वर्षाचं विचारता, म्हणून तेही. एडब्ल्यूच्या शेलवर बहुतेक वेळा दोन आकड्यांत साल ठोकलेलं असतं, बरोबर महिना. नाशकात प्रत्येक जुन्या सायकलची एक कथा असते, आणि ती बहुतेक देवळाली कॅम्पातून सुरू होते: "गोरा साहेब 1947 मध्ये जाताना आजोबांना देऊन गेला." मी हब पुसतो. आकडा निघतो 57. आता काय बोलायचं? चाक नंतर बदललं असेल, असं म्हणतो. तेही शक्य असतंच.

आणि ती तुटलेल्या केबलची गोष्ट. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची सायकल त्यांची मुलगी घेऊन आली. स्वतः मुलगीच साठीला आलेली. वडील जुन्या नाशकातून रोज प्रेसला सायकलवर जायचे, एका बाजूचे आठ-नऊ किलोमीटर. "फार जड सायकल हो," म्हणाली. "आम्ही भावंडं ती घ्यायला बघायचो नाही. आमचे नाना म्हणायचे, विलायती माल आहे, जडच असणार." हँडलवर खटका नव्हता, खांबावर एक गंजकी पट्टी होती, आणि नटातून लोंबणारी बोटभर साखळी. केबल कधी गेली ते तिलाही आठवत नव्हतं. तिच्या आठवणीत तरी तिथे केबल नव्हतीच.

हबला काहीही झालं नव्हतं. टोपणातून डिझेल, मग ऑइल, नवा खटका, नवी केबल. मागचं चेनचक्र 18 दात्यांचं होतं ते काढून 22चं घातलं. एक तारेची रिंग काढली की ते निघतं. आपल्या चढांना आणि आपल्या गुडघ्यांना तेवढी सवलत लागते.

संध्याकाळी ती न्यायला आली. आधी नको नको म्हणाली, मग गल्लीत एक चक्कर मारायला निघाली. दुसऱ्या गिअरात हब टिक-टिक वाजत होता, त्याचं वाजणं तसंच असतं. गल्लीच्या टोकाला चढ लागतो. मी ओरडलो, "आता पहिला टाका!" तिने खटका दाबला. टिकटिक थांबली. ती घाबरून ब्रेक दाबून उतरली आणि मागे वळून म्हणाली, "अहो, बंद पडली का हो?"

"नाही हो. पहिल्यात आवाज येत नाही."

ती परत बसली आणि आवाज न करता चढ चढून वळली.