त्या सात विद्यांत शेती नव्हती

२० जून, रात्री साडेनऊ

लाइन आत्ताच आली. दिवसभर कपाशीची टोबणी केली, म्हणजे एकेक बी हातानं मातीत घातलं, नखांत काळी माती तशीच आहे आणि कंबर धरली आहे. तरी आज लिहून ठेवलं नाही तर पुन्हा होणार नाही. पुण्याहून येऊन दोन दिवस झाले. ज्यानं विचारलं त्याला मी "छान आहे कॉलेज" एवढंच सांगितलं. जे खरं सांगायचं होतं ते तिथंच, त्या वर्गात, माझ्या तोंडून निघालं नाही.

प्रवेश पक्का झालेल्या मुलांना कॉलेज एक दिवस बोलावतं. वसतिगृह बघा, एकदोन तास बसा, शिकवणाऱ्यांशी बोला. सोबत पालक आले तर चांगलं. मेल आला तेव्हा मृग लागून गेला होता आणि पाऊस रोज आभाळ दाखवून निघून जात होता. वखरणी आटपलेली, बियाण्याची पाकिटं फडताळात. पाऊस पडला आणि घरात माणूस नाही, तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, हातचा जातो. मी म्हटलं, मी एकटी जाऊन येते. आई चुलीसमोरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "जेथं लेक चार वरसं ठेवाची, थे जागा पाहाची नाही का?" बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी काकाला पाकिटं कुठं ठेवली ते दाखवून आले, तेव्हाच मी समजले की ते येणार.

हिंगणघाटहून एसटीनं वर्धा आणि तिथून रेल्वे. आईनं भाकरी, ठेचा आणि कोरडं बेसन बांधून दिलं होतं. प्रवासाचं एवढंच.

आमच्या गावात "आर्ट्स" म्हटलं की ज्याला सायन्स झेपलं नाही तो पोरगा, हेच समजतात. मी बारावी सायन्स केली, बरे मार्क पडले आणि आता बी.ए. करणार, याचं कोडं कुणालाच सुटत नाही. मामा म्हणतो बी.एस्सी. ॲग्री कर, नोकरी लागेल. शेजारच्या काकूंनी तर आईला विचारलं, पोरीला काही झालं का म्हणून. माझ्या मैत्रिणीनं तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं, तिलाही हेच ऐकावं लागलं. खरं तर नव्या शैक्षणिक धोरणानंतर आता आपल्याकडच्या कॉलेजांतही मुख्य विषयासोबत दुसऱ्या शाखेचा विषय घेता येतो, चौथं वर्षही करता येतं. कागदावर तिचा आणि माझा अभ्यासक्रम फार वेगळा नाही. मला शिष्यवृत्ती मिळाली म्हणून मी पुण्याला चालले. शिष्यवृत्ती नसती तर वर्षाला लाखांत जाणारी फी भरणं आमच्या सात एकरांत बसलं नसतं, आणि मीही तिच्याच बाकावर असते. हे मी विसरू नये म्हणून इथं लिहिते.

तो वर्ग. गोल मांडलेल्या खुर्च्या, आम्ही वीसेक जण, पालक मागच्या भिंतीला लागून. मॅडमनी फळ्यावर "लिबरल आर्ट्स" लिहिलं आणि विचारलं, यातलं लिबरल म्हणजे काय? एकानं उदारमतवादी सांगितलं. एकीनं, हवे ते विषय घेण्याची मोकळीक. मॅडम म्हणाल्या, शब्द लॅटिन आहे, "लिबेर" म्हणजे मोकळा माणूस, जो गुलाम नाही तो. रोमन काळात मोकळ्या माणसाला शोभणाऱ्या ज्या विद्या, त्या या. मग त्यांनी सात नावं लिहिली. व्याकरण, तर्क, वक्तृत्व, ही तीन. अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल, ही चार. मध्ययुगातल्या युरोपात विद्यार्थी आधी ही सात शिकायचे आणि मग धर्मशास्त्र, कायदा किंवा वैद्यक.

आणि मग विचारलं, या यादीत कोण नाही?

इतिहास, असं कुणी म्हणालं. विज्ञान, कुणी म्हणालं. चित्रकला. सगळे इंग्रजीत पटापट बोलत होते. माझ्या मनात उत्तर तयार होतं, पण मी त्याचं इंग्रजी वाक्य जुळवत बसले, आणि जुळलं तोवर मॅडमची नजर माझ्यावरून पुढे गेली होती. मग मी मराठीतच म्हणाले, "शेती."

मॅडम थांबल्या. शेजारच्या मुलीनं माझा शब्द इंग्रजीत सांगितला. मॅडमनी मान हलवली आणि फळ्यावर सातांच्या बाजूला मोकळ्या जागेत तो लिहिला. बाराव्या शतकात पॅरिसमध्ये ह्यू ऑफ सेंट व्हिक्टर नावाच्या शिक्षकानं हातानं करायच्या विद्यांची दुसरी यादी केली होती, असं त्यांनी सांगितलं. तीही सातांचीच. कापड विणणं, हत्यारं आणि बांधकाम, व्यापार, शेती, शिकार, वैद्यक, नाट्य. या विद्यांना यांत्रिक म्हणत आणि त्यांची जागा पहिल्या सातांच्या खाली.

मी मागे वळून बाबांकडे पाहिलं. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण फळ्यावर माझा शब्द लिहिला गेला हे कळलं होतं. ते गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते, ग्रामसभेत बसतात तसे.

मला तेव्हा खूप बोलायचं होतं. मॅडम, ही जी दुसरी यादी तुम्ही सांगितली ना, विणकाम आणि शेती, ती पहिल्या यादीच्या मधोमध आणून बसवायचा प्रयत्न आमच्या जिल्ह्यात झाला होता. वर्ध्याला, १९३७ साली, २२ आणि २३ ऑक्टोबरला शिक्षण परिषद भरली होती, गांधीजी अध्यक्ष होते. पुढे झाकीर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला, तेच झाकीर हुसेन जे १९६७ला राष्ट्रपती झाले. सात वर्षांचं शिक्षण, मोफत आणि सक्तीचं, मातृभाषेतून, आणि त्याच्या मध्यभागी एक हस्तोद्योग. सेवाग्रामात आशादेवी आणि आर्यनायकम या जोडप्यानं ते चालवून दाखवलं. टकळीवर सूत कातायचं. किती कापसातून किती सूत निघालं, ते मोजता मोजता गणित. हा कापूस कुठल्या मातीत येतो, तो भूगोल. तो इंग्लंडला का जात होता आणि कापड होऊन परत का येत होतं, तो इतिहास. या शिक्षणाला नई तालीम म्हणत.

आठवीत आमची सहल सेवाग्रामला गेली होती. बापू कुटीची जमीन सारवलेली होती, आमच्या घरासारखीच, आणि मला त्याचंच नवल वाटलं होतं. नई तालीमच्या आवारात तेव्हाही शाळा भरत होती. एक मुलगा माझ्याच वयाचा, वांग्याच्या वाफ्याशी बसून वहीत काहीतरी लिहीत होता. मला वाटलं त्याला शिक्षा झाली आहे. आमच्या शाळेत मातीत बसणं म्हणजे शिक्षाच असायची.

एक गोष्ट मला पटत नाही, तीही लिहिते. गांधीजींचा आग्रह होता की मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकांचा पगार निघावा. त्यावर तेव्हाही टीका झाली होती. मी वेचणीला शाळा बुडवलेली पोरं पाहिली आहेत. दिवाळीनंतर आमच्या वर्गातले अर्धे बाक रिकामे असायचे, मीही किती दिवस गेले. ज्या कामाचा पैसा मिळू लागला ते काम मुलाच्या हातून सुटत नाही. हातांनी शिकणं वेगळं आणि हातांनी कमावणं वेगळं, शाळेत तरी ते वेगळंच राहिलं पाहिजे. पण त्या परिषदेनं जो प्रश्न विचारला तो मला आजही खरा वाटतो. विद्या डोक्याची आणि काम हाताचं, ही वाटणी केली कुणी?

हे सगळं मी वर्गात बोलले नाही. तास संपला. बाहेर पडताना मॅडम जवळ आल्या आणि मराठीत म्हणाल्या, तुला आणखी काही म्हणायचं होतं असं वाटलं. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, मग मराठीत लिहून पाठव, इंग्रजी पहिल्या वर्षात आपण बघू. त्यांचे हे शब्द मला घरी येईपर्यंत पुरले.

दुपारी लायब्ररी. उघडी कपाटं! आमच्या शाळेत पुस्तकांचं कपाट होतं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली सरांच्या घरी. इथं माणूस जातो, हात घालतो, पुस्तक काढतो. संगणकावर मी कापूस टाकून पाहिला. पुस्तकं विषयांच्या क्रमांकांनुसार लावलेली. पिकाची पुस्तकं ६३३ला. कापडाची ६७७ला. भाव, उत्पादन, व्यापार यांची ३३८ला. तीन वेगळ्या रांगांत, एक तर वरच्या मजल्यावर. आमच्या घरात कापूस एकाच खोलीत असतो. वेचून आणला की तोच कोपरा, त्याच्यावरच आम्ही झोपतो, त्याच्या भावाची चर्चा त्याच्यावर बसूनच होते. २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७५२१ रुपये होता आणि आम्हाला खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, त्याच्या खालीच द्यावा लागला, कारण फवारणीची उधारी उभी होती. हे ६३३चं की ३३८चं? मला वाटतं मी या कॉलेजात येते आहे ते त्या तीन रांगांत चालत जाण्यासाठी. चार वर्षं मला कुणी एकाच रांगेत उभं करणार नाही, एवढं मला पुरे.

बाबा ६३३समोर उभे होते. त्यांनी एक जाड पुस्तक काढलं, इंग्रजीच. पानं उलटवत गेले आणि एका रंगीत चित्रावर थांबले. बोंडातून अर्धी बाहेर आलेली अळी. त्यांनी बोट ठेवलं, काचेवर ठेवावं तसं हलकं. म्हणाले, "हे गुलाबी नोहे. हे हिरवी होय, अमेरिकन. बीटी आलं तवापासून कमी झाली. आता गुलाबीच जीव खाते." मी चित्राखालचं वाचलं. अमेरिकन बोंडअळीच होती. बीटी म्हणजे या अळीला तोंड देणारं कपाशीचं बियाणं. बाबा सातवी शिकलेले. २०१७ला गुलाबीनं आमची निम्मी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खाल्ली तेव्हा ते रोज बोंडं फोडून आत बघायचे, वहीत रेघा मारायचे, दहातली किती किडली म्हणून. मी लहान होते, मला तो खेळ वाटायचा. ते मोजमाप होतं. त्याला नमुना घेणं म्हणतात हे मला अकरावीत कळलं.

बाबांनी एकच प्रश्न विचारला दिवसभरात. आम्हाला फिरवायला शेवटच्या वर्षाचा एक मुलगा होता, मराठवाड्यातला. जेवताना बाबांनी त्याला विचारलं, "बेटा, इथून शिकून पोरं काय होतात?" मला धरणी दुभंगावी असं झालं. तो मुलगा मात्र ताट बाजूला सारून नीट बोलला. म्हणाला, काका, माझेही बाबा हेच विचारतात. त्याच्या आधीच्या तुकडीतला एक जण वर्तमानपत्रात लागला, एक संस्थेत पाण्याच्या कामावर, दोघी एम.ए.ला गेल्या, आणि एक अजून घरी आहे, परीक्षा देतो आहे. घरी असलेल्याचं त्यानं लपवलं नाही. बाबा जरा वेळ गप्प जेवले. मग म्हणाले, "खरं सांगते पोरगं." परतीच्या गाडीत त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, आणि मला वाटतं त्यांचं ठरलं ते तिथंच, त्या ताटावर.

गाडी बडनेरा सोडते तोच आईचा फोन. पाऊस पडला. चांगला, धुऱ्यावरून वाहिला. बाबा खिडकीतून बाहेर बघू लागले, जणू तिथल्या ढगांवरून आमचं शेत दिसणार होतं. घरी आलो तेव्हा काकांनी दोन एकर उरकलं होतं.

आज उरलेलं. दोरी धरून चार बाय दीड फुटावर टोबत गेलो, बाबा एका टोकाला, मी एका. एका एकरात ४३,५६० चौरस फूट, एका झाडाला सहा चौरस फूट, म्हणजे एकरी ७,२६० झाडं. बांधावर बसून काडीनं मातीत मांडलं. बाबा म्हणाले, "एवढी उगवत नसतात." मग त्यांनीच काडी घेतली आणि नांग्या, म्हणजे बी न उगवलेल्या जागा, किती पडतात, किती भराव्या लागतात, त्याचा हिशेब त्याच मातीत माझ्या आकड्यांखाली केला. त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा लांब गेला. दुपारी सर आली आणि दोन्ही पुसले.

मॅडमना लिहायचं पत्र अजून सुरू केलं नाही. वर जे लिहिलं त्यातलंच उतरवून पाठवेन, वर्ध्याचं आणि वांग्याच्या वाफ्याजवळच्या त्या मुलाचं.

आत्ता हात धुऊन आले तर बाबा खाटेवर जागेच. म्हणाले, "थ्या पुस्तकात गुलाबीचा फोटो होता का वं?"

मी पाहिलं नव्हतं. ऑगस्टमध्ये गेले की आधी ६३३ला जाऊन तेच बघायचं आहे.