लाल पंजे, आमच्या शाळेत

शाळेत मुलांकडून लाल पंजे का उमटवून घेता, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मालवणकडच्या आमच्या हायस्कुलात दर १२ फेब्रुवारीला मुलं तळहाताला लाल रंग लावून कागदावर पंजे उमटवतात आणि खाली लिहितात, लहान मुलांच्या हाती बंदुका देणं थांबवा. मग पालकसभेत, बाजारात, एसटीत कुणी ना कुणी विचारतंच, "बाई, लढाई खंय आणि आपण खंय! आपल्या पोरांका ह्यां कित्याक?"

लढाई वाटते तेवढी लांब नाही. गडचिरोली आपल्याच राज्यात आहे, पलीकडे छत्तीसगड. तिथल्या जंगलपट्ट्यात नक्षलवाद्यांनी मुलांना निरोप पोचवायला, पोलिसांवर पाळत ठेवायला, पुढे हत्यार चालवायलाही वापरलं. श्रीलंकेत तमिळ वाघांनी शाळकरी मुलं-मुली घरांतून नेली. बालसैनिक म्हटलं की बंदूक घेतलेला मुलगाच डोळ्यांपुढे येतो. पण टोळीसाठी रांधणारी, ओझी वाहणारी पोरं आणि टोळीतल्या पुरुषांच्या हवाली केलेल्या मुलीही त्यातच मोडतात. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सशस्त्र टोळीने मुलाला कुठल्याही कामाला लावलं तरी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. हे गावात किती जणांना ठाऊक आहे?

पण माझं खरं उत्तर याहून वेगळं आहे. मला भीती वाटते ती "तो आपणहून गेला" असं म्हणून मोकळं होण्याची. काँगोतल्या एका सशस्त्र टोळीचा म्होरक्या थॉमस लुबांगा याला १५ वर्षांखालच्या मुलांची भरती करून त्यांना लढाईत वापरल्याबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१२ मध्ये दोषी ठरवलं. त्या न्यायालयाचा हा पहिलाच निकाल. मूल राजीखुशीने आलं होतं ही सबब चालणार नाही, असं न्यायाधीशांनी त्यात बजावलं. नववीच्या वर्गात मी हे दर वर्षी सांगते. ज्याचा बाप मारला गेलाय, शाळा जळालीय आणि दोन वेळचं जेवण फक्त बंदूकवाल्यांकडे आहे, त्या पोराच्या होकाराला काय अर्थ?

आणि "तो आपणहून गेला" हे आपल्या किनाऱ्यावरही ऐकू येतं. सकाळी बापाबरोबर रापणीचं जाळं ओढून दहाला वर्गात बसणाऱ्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही. ते त्याचं घर आहे. पण आठवीतला एखादा दिवाळीनंतर दिसेनासा होतो, ट्रॉलरवर गेल्याचं कळतं, आणि सगळे म्हणतात, त्यालाच शाळा नको होती. युद्ध आणि मासेमारी मी एका तागडीत घालत नाही. मात्र पोराच्या 'हो'च्या मागे कर्ज आहे का, दारू आहे का, हे न विचारण्याची सवय दोन्हीकडे एकच. ती सवय मोडायला मला १२ फेब्रुवारी ही तारीख उपयोगी पडते. मुलांना लढाईत उतरवू नये म्हणणारा संयुक्त राष्ट्रांचा करार २००२ मध्ये याच दिवशी अमलात आला. भारताने तो २००५ मध्ये मान्य केला. तरीही सरकारी सैन्याने १६ व्या वर्षी स्वेच्छेने भरती करण्याची वाट त्यात उघडी आहे, ब्रिटन अजून ती वापरतं. ती बंद व्हायला हवी. सरळ अठरा.

पंजे उमटवताना मी मुलांच्या हातांकडे बघत असते. पाचवीतल्यांचे हात कागदाच्या कोपऱ्यात मावतात. सहावीतल्या एकाच्या पंज्यात तर्जनीवर आडवी पांढरी रेघ राहिली होती. गरीची दोरी कापून गेली होती, तिथे रंग धरला नव्हता. त्यानेच यंदा विचारलं, "बाई, तो पोरगो परत इलो तर त्येका घरात घेतत काय?"

मी त्यांना युगांडातल्या डॉमिनिक ओंगवेनची गोष्ट सांगितली. साधारण नऊ वर्षांचा असताना शाळेच्या वाटेवरून त्याला टोळीने पळवलं. तो तिथेच वाढला, मोठा होऊन त्याच टोळीत कमांडर झाला, त्यानेही मुलं पळवली. २०२१ मध्ये त्याच आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. लहानपणी तोच पळवला गेला होता हे ध्यानात घेऊन न्यायाधीशांनी जन्मठेप दिली नाही. तास संपेपर्यंत वर्ग भांडत होता. मुलींचं म्हणणं, त्याने पळवलेल्या मुलींना कुठे सूट मिळाली? त्यांचं मला पटलं. त्या मुली पदरात मूल घेऊन परतल्या तेव्हा बऱ्याच जणींना गावानेच टोमणे मारून नकोसं केलं. म्हणजे त्या मुलाचा प्रश्न टोळीला नव्हताच, गावाला होता.

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, मग ओंगवेनला पळवणाऱ्यांचं काय झालं? त्या टोळीचा म्होरक्या जोसेफ कोनी. त्याच्यावरचं अटक वॉरंट २००५ चं आहे. तो अजून सापडलेला नाही. २००९ मध्ये जगभरातल्या मुलांचे अडीच लाखांवर पंजे संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांच्या हाती दिले गेले होते. आमच्या यंदाच्या पाकिटात पंज्यांबरोबर मागच्या बाकावरच्या त्या मुलाच्या अक्षरात, पळवणाऱ्यांचं काय झालं, हा प्रश्नही गेला आहे.