हाऊसिंग बेनिफिट: उशिराची तक्रार वेगळी, चुकीच्या निर्णयाचं अपील वेगळं

सासूबाईंचा हाऊसिंग बेनिफिटचा, म्हणजे घरभाड्यासाठीच्या सरकारी मदतीचा अर्ज इंग्लंडमधल्या एका कौन्सिलमध्ये (स्थानिक पालिकेत) नऊ आठवडे पडून होता आणि मग नामंजूर झाला. या दोन गोष्टींसाठी दाद मागायची दारं वेगवेगळी आहेत, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच. उशीर, गहाळ कागद, फोनवर दर वेळी नवं उत्तर, यांची तक्रार करायची. निर्णयच चुकला असेल तर अपील करायचं. अपीलला निर्णयाच्या पत्रापासून एकच महिना मिळतो आणि तक्रार चालू आहे म्हणून तो महिना थांबत नाही. तक्रारीच्या उत्तराची वाट बघत बसलेल्यांची मुदत अशीच हातची जाते.

आता नवा अर्ज मुख्यतः पेन्शनच्या वयाच्या लोकांनाच करता येतो. त्याखालच्यांना भाड्याची मदत युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्यातून मिळते. सपोर्टेड (देखभालीसह मिळणाऱ्या) किंवा तात्पुरत्या निवासात राहणारे तेवढे अपवाद. नवरा-बायकोपैकी एकाचं वय कमी असेल तर 15 मे 2019 पासून सहसा युनिव्हर्सल क्रेडिटच. आणि व्हिसावर 'पब्लिक फंड्स'ना (सरकारी मदतीला) मनाई असेल तर सल्ला घेतल्याशिवाय अर्ज करू नका, व्हिसाच धोक्यात येतो.

सासूबाई ब्रिटिश नागरिक, एकट्या, खासगी घरमालकाच्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतात. अर्जासोबत भाडेकरार, ओळखपत्र, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, पेन्शनची पत्रं आणि सगळ्या खात्यांची दोन महिन्यांची स्टेटमेंट्स दिली. स्टेटमेंटचं कोरं पानही सोडायचं नाही. 'पान 4 पैकी 3' एवढंच पोचलं की कागद अपुरे ठरतात आणि अर्ज मागे पडतो. भारतातलं बचत खातं आणि मुदत ठेवसुद्धा दाखवावी लागते.

सगळी माहिती मिळाल्यावर कौन्सिलने 14 दिवसांत, किंवा ते जमलं नाही तर शक्य तितक्या लवकर, निर्णय द्यायचा असतो. हा दुसरा भाग कौन्सिल फार सैल वापरतं. पण खासगी किंवा हाऊसिंग असोसिएशनच्या भाडेकरूकडे एक हत्यार आहे, आणि त्याबद्दल कौन्सिल आपणहून सहसा बोलत नाही. उशीर आपल्यामुळे झालेला नसेल, तर 14 दिवसांनंतर कौन्सिलने 'पेमेंट ऑन अकाउंट', म्हणजे हिशेबापोटी आगाऊ रक्कम द्यायलाच हवी. पेन्शनवाल्यांच्या 2006 च्या नियमांत हे कलम 74 आहे, कामाच्या वयातल्यांच्या नियमांत 93. मेलमध्ये कलमाचा आकडा घातला आणि नऊ आठवडे हललं नव्हतं ते चार दिवसांत हललं. अंतिम निर्णय विरोधात गेला तर ही रक्कम परत मागतात, म्हणून ती भाड्यालाच लावायची.

कौन्सिलचं म्हणणं होतं की बँकेचे कागद आलेच नाहीत. वाद घालण्याऐवजी डेटा संरक्षण कायद्याखाली सासूबाईंच्या नावाची संपूर्ण फाइल मागितली. ती फुकट मिळते, साधारण महिन्याभरात द्यावी लागते. त्यात स्कॅनिंगची नोंद होती: स्टेटमेंट्सची अकरा पानं अर्जानंतर सहाव्या दिवशी चढवलेली, पण 'कौन्सिल टॅक्स' या शीर्षकाखाली. पुढे तक्रारीत हीच एक ओळ कामाला आली.

मग नकाराचं पत्र आलं: भांडवल 16,000 पौंडांपेक्षा जास्त. बचत तर 11,200 होती. पेन्शनच्या वयात पहिले 10,000 सोडून देतात आणि वरच्या प्रत्येक 500 ला किंवा त्याच्या भागाला आठवड्याला 1 पौंड उत्पन्न धरतात, म्हणजे इथे 3 पौंड. (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांसाठीच्या पेन्शन क्रेडिट या मदतीतला गॅरंटी भाग मिळत असेल तर ही 16,000 ची मर्यादा लागूच होत नाही, म्हणून तो आधी तपासा.) मग बाकीचे पैसे आले कुठून? पत्रात काहीच नाही. अशा वेळी 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स', म्हणजे निर्णयाच्या कारणांचं निवेदन, लेखी मागायचं. ते आल्यावर कळलं की सातारा जिल्ह्यातल्या वडिलोपार्जित घराची किंमत एका वेबसाइटवरून काढून, चार भावंडांत भागून, चौथा हिस्सा बचतीत मिळवला होता.

यात दोन चुका होत्या. पहिली चूक मोठी: त्या घरात सासूबाईंचे 74 वर्षांचे सख्खे भाऊ राहतात. पेन्शनच्या वयाचा किंवा अपंग नातेवाईक जिथे राहतो ते घर भांडवलात धरतच नाहीत, मग ते घर भारतात का असेना. दुसरी चूक किमतीची. वाटणी न झालेल्या, इतर हिस्सेदार राहत असलेल्या घराचा चौथा हिस्सा विकत घ्यायला कोण पुढे येतं? हिस्सा म्हणून त्याला जी किंमत येईल ती धरायची, पूर्ण घर भागिले चार नाही. पुराव्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा (शहरातलं घर असेल तर मिळकत पत्रिका), मामांचं (सासूबाईंच्या त्या भावाचं) आधार कार्ड, त्यांच्या नावाचं वीजबिल आणि मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा एक पानी दाखला मागवला. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर सोबत जोडलं. भावाबहिणीच्या नात्याचा पुरावा विसरू नका; वारसनोंद किंवा जुनं रेशन कार्ड चालतं.

इतर बेनिफिट्सना आधी 'मँडेटरी रिकन्सिडरेशन' (त्याच कार्यालयाकडून सक्तीचा फेरविचार) लागतं, हाऊसिंग बेनिफिटला नाही. अपील थेट करता येतं, पण ते ट्रायब्युनलकडे (अपील ऐकणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे) न पाठवता कौन्सिलकडेच द्यायचं. ते पुढे पाठवतात. इथेही ते महिनोन् महिने पडून राहू शकतं, म्हणून पाठवल्याची तारीख लेखी मागत राहायची. आमचं तिथवर गेलं नाही. पुरावे पाहून कौन्सिलने निर्णय स्वतःच बदलला. निर्णय आपल्या बाजूने बदलला की अपील आपोआप संपतं, म्हणून नवं पत्र नीट वाचायचं. आमच्या पत्रात सुरुवातीची तारीख अर्जानंतरच्या सोमवारची होती. पेन्शनच्या वयात पात्रता असेल तर तीन महिने मागचं मिळतं, त्यासाठी कारणही द्यावं लागत नाही. ते दुसऱ्या पत्राने सुधारून घेतलं.

नऊ आठवड्यांच्या उशिराची तक्रार वेगळी चालू होती. पहिल्या टप्प्यात 'कामाचा ताण' एवढंच उत्तर आलं. दुसऱ्या टप्प्यात मी फक्त तारखा लिहिल्या, स्कॅनिंगची नोंद जोडली आणि नेमकं काय हवं ते सांगितलं: लेखी माफी, घरमालकाला उशिराचं कारण कळवणारं पत्र आणि त्याने लावलेल्या दंडाची भरपाई. तिन्ही मिळालं. नसतं मिळालं तर इंग्लंडमध्ये पुढची पायरी लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बुड्समन, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी पाहणारा स्वतंत्र लोकपाल. फुकट, पण आधी कौन्सिलला साधारण 12 आठवडे द्यायचे आणि गोष्ट कळल्यापासून 12 महिन्यांच्या आत जायचं. वेल्स आणि स्कॉटलंडचे ओम्बुड्समन वेगळे. ट्रायब्युनलकडे नेता येईल असा निर्णय मात्र ओम्बुड्समन सहसा हातात घेत नाही.

एक गोष्ट आपल्या लोकांना फार महागात पडते. जुलै 2016 पासून परदेशवारीत हाऊसिंग बेनिफिट जास्तीत जास्त 4 आठवडे चालू राहतं. जवळचं कोणी गेलं तर 8, उपचारांसाठी 26. थंडीचे तीन महिने गावी काढायचे असं आधीच ठरलेलं असेल तर ते पाचव्या आठवड्यापासून नाही, निघाल्या दिवसापासून बंद होतं, आणि परतल्यावर वसुलीचं पत्र वाट बघत असतं. सासूबाई या डिसेंबरात 26 दिवसांसाठी साताऱ्याला निघाल्या आहेत. जाण्यायेण्याच्या तिकिटांची प्रत कौन्सिलला मेलने पाठवली आहे आणि पोच मिळाल्याचा मेल छापून फाइलला लावला आहे.