बागेतलं स्मारक नगरपालिकेच्या हवाली करताना

सार्वजनिक जागेवर स्मारक दान द्यायचं मनात असेल, तर शिल्पकाराला आगाऊ रक्कम देण्याआधी नगरपालिकेत जा. आम्ही तसंच केलं, म्हणून काम तडीस गेलं. याच धावपळीत आम्हाला दुसरी एक समिती भेटली होती. त्यांचा पुतळा ओतून, घासूनपुसून तयार होता आणि जागेची मंजुरी नसल्यामुळे ओतशाळेच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होता. देणगीदारांना तोंड कसं दाखवायचं, याची काळजी त्या मंडळींच्या चेहऱ्यावर दिसत होती.

आमचं स्मारक साधं होतं. पुराच्या रात्री लोकांना बाहेर काढायला गेलेली आणि परत न आलेली वस्तीतली माणसं, त्यांच्यासाठी काळ्या दगडाची शिळा आणि तिच्यावर ब्राँझचं उठावशिल्प. पैसे वस्तीने जमवले. जागा नगरपालिकेची हवी होती.

घरच्या लोकांची इच्छा होती की शिळा पुलाच्या तोंडाशी, चौकातच बसावी, कारण ती माणसं शेवटची तिथेच दिसली होती. नगरपालिकेने रहदारीचं कारण देऊन नाही म्हटलं. ऐकताना जड गेलं, पण त्यात तथ्य होतं. भारतात तर सर्वोच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2013 च्या आदेशाने रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या अशा जागांवर नवे पुतळे उभारायला परवानगी देऊ नका, असं राज्यांना बजावलं आहे. मग नदीकाठची बाग ठरली. तिथे निदान माणसाला दोन मिनिटं थांबता येतं.

उद्यान विभागातल्या मॅडमनी अर्ज शांतपणे वाचला आणि विचारलं, “हे उभं राहील हो, पण पुढे याचं बघणार कोण?” शिल्प किती सुंदर आहे, पैसे किती जमले, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. आमच्यातल्या एका काकांना राग आला. आम्ही फुकट देतोय आणि वर यांचे प्रश्न. मला मात्र तो प्रश्न पटला. फुकट मिळालेली वस्तू फुकटात सांभाळता येत नाही. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीचंच बघा. पुतळा फ्रेंच जनतेने दिला, चौथरा अमेरिकेने बांधायचा होता, आणि चौथऱ्यालाच पैसे पुरेनात. 1885 मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वर्तमानपत्रातून हाक दिली, तेव्हा 1 लाख 20 हजारांहून जास्त लोकांनी मिळून 1 लाख डॉलरच्या वर रक्कम उभी केली. त्यातल्या बहुतेकांची देणगी एका डॉलरपेक्षाही कमी होती. पुढे शंभरीला आल्यावर 1984 ते 1986 अशी मोठी दुरुस्ती करावी लागली, कारण तांब्याचा पत्रा आणि आतलं लोखंड यांच्यामधला थर खराब होऊन लोखंड गंजत गेलं होतं.

हीच गोष्ट आमच्या नकाशात निघाली. बांधकाम विभागाच्या अभियंत्याने पेन्सिलने एकाच जागी गोल केला: ब्राँझची पाटी शिळेला ज्या खिळ्यांनी बसणार होती, ते साध्या लोखंडाचे दाखवले होते. पावसाचं पाणी मागे शिरलं की दोन धातूंच्या संगतीत लोखंड आधी जातं, फुगतं, आणि फुगताना दगडाला तडा देतं. त्यांनी स्टेनलेस स्टीलचे खिळे, प्रत्येकाभोवती नायलॉनची नळी आणि पाटीच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक फट एवढं सुचवलं. शिल्पकाराने लगेच मान्य केलं. नंतर पायासाठी चाचणी खड्डा घेतला, तर कमरेएवढ्या खोलीवर जुनी पाण्याची वाहिनी आणि तिच्या बाजूने गेलेली पिंपळाची जाड मुळी. शिळा तिथून थोडी सरकवली. पाया भरल्यानंतर हे कळलं असतं, तर वाहिनी फुटल्यावर सगळ्यात आधी स्मारकच उखडावं लागलं असतं.

खरी ओढाताण झाली ती मजकुरावर. आमच्या मसुद्यात गेलेल्यांची नावं होती, देणगीदारांची नावं होती, आणि मदत वेळेवर पोचली नाही असं सांगणारी एक ओळ होती. विधी विभागाने देणगीदारांची नावं आणि ती ओळ दोन्ही काढायला सांगितली. घरच्यांसाठी ती ओळ म्हणजे सत्य होतं, आणि अजूनही आहे. पण विभागाचं म्हणणं असं, की दान तुम्ही दिलंत तरी बागेत उभं राहिल्यावर ते गावाच्या वतीने बोलणार. याचा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 2009 मध्ये झालेला आहे. युटा राज्यातल्या प्लेझंट ग्रोव्ह गावाच्या बागेत 1971 मध्ये दान मिळालेला, बायबलमधल्या दहा आज्ञा कोरलेला स्तंभ होता. समम नावाच्या पंथाने मागणी केली की आमचाही स्तंभ लावा. न्यायालयाने एकमताने सांगितलं की बागेतलं कायमचं स्मारक, ते खाजगी दानातून आलेलं असलं तरी, शासनाचंच बोलणं असतं; एकाचं घेतलं म्हणून सगळ्यांचं घ्यायची सक्ती करता येत नाही.

हे मान्य केलं, की पुढची मागणी आपोआप येते: काय घेणार आणि काय नाकारणार हे नगरपालिकेने आधीच लिहून ठेवलं पाहिजे. आमच्याकडे असं धोरण नव्हतं. फाइल उद्यानातून बांधकामाकडे, तिथून विधीकडे, पुन्हा उद्यानात, आणि दर टेबलावर नवीन अट. म्हाताऱ्या आईबापांना पुढच्या बैठकीची तारीख सांगत राहणं हे क्रूर होतं, मला दुसरा शब्द सुचत नाही. लेखी नियम नसले की वजनदार माणसाचं स्मारक आठवड्यात उभं राहतं आणि गरिबाचं लटकतं. इतर काही शहरांत हे नियम लिहून ठेवलेले आहेत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलने माणूस गेल्यावर दहा वर्षं थांबण्याचा नियम केला, आणि जिथे स्मारकांची आधीच दाटी आहे तो भागही नकाशावर आखला. वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारच्या जमिनीसाठी 1986 चा कायदा आहे. त्यात व्यक्तीच्या मृत्यूनंतर 25 वर्षांची अट आहे आणि बांधकाम खर्चाच्या 10 टक्के रक्कम देखभालीसाठी द्यावी लागते.

ती 10 टक्क्यांची कल्पना आम्ही उचलली आणि स्वतःहून देखभाल ठेव देऊ केली. त्या दिवसापासून बैठकीतला सूर बदलला. मजकुरातही मार्ग निघाला: शिळेवर गेलेल्यांची नावं, पुराची तारीख आणि त्यांनी काय केलं एवढंच, देणगीदारांची यादी आणि घरच्यांचं पूर्ण निवेदन नगरपालिकेच्या ठरावाला जोडून दप्तरी. निवेदन दप्तरात शब्द न शब्द जसंच्या तसं राहील, हे आम्ही ठरावात लिहून घेतलं.

दानपत्रावर सगळ्यात जास्त वेळ द्या, असं मी म्हणेन. मालकी कुणाची, सफाई कधी आणि ब्राँझ जपायला मेण कधी लावायचं, तोडफोड झाली तर कोण दुरुस्त करणार, आणि शिळा हलवायची वेळ आली तर कुणाला किती आधी कळवायचं. शिल्पकाराचीही सही घ्या. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं; दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये सरकारला 5 लाख रुपये भरपाई द्यायला आणि शिल्प त्यांना परत करायला सांगितलं. वस्तू विकत घेतली तरी कलाकाराचा तिच्यावरचा नैतिक हक्क, म्हणजे आपलं काम कुणी बिघडवू नये हा हक्क, संपत नाही, असा तो निकाल. आमच्या शिल्पकाराने एकच अट घातली, की दुरुस्ती करण्याआधी त्यांना विचारावं. ती कलम म्हणून घातली.

अनावरण छोटं झालं, भाषणं नव्हती. त्यानंतरचं एक काम बरेच जण विसरतात: स्मारकाची नोंद नगरपालिकेच्या मालमत्ता नोंदवहीत झाली का, ते डोळ्यांनी बघून या. नोंद नसेल तर सफाईच्या यादीत ते येत नाही आणि ठेवीचं व्याज कशावर खर्च करायचं हे कुणाला माहीत नसतं. आमची नोंद झाली आहे, आणि पावसाळ्याआधी उद्यान विभागाची माणसं पाटी धुऊन मेण लावतात. आता इतर मंडळं आमच्याकडे दानपत्राचा मसुदा मागतात, आम्ही देतो. नावं आणि मोजमापं बदलून घ्या म्हणतो, देखभालीचं आणि हलवण्याचं कलम मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी काढू नका.