पाणी मागापर्यंत न्या

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये त्याहून वाईट हाल असतात. सुती धागा कोरडा पडला की तटातट तुटतो, म्हणून खिडक्या लावून आत दमटपणा राखतात. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. वर तापलेला पत्रा, खाली मोटारींची धग. हवाच ४० अंशांच्या वर गेल्यावर पंखा गरम वारा तेवढा अंगावर टाकतो. पत्र्याला पांढरा चुना मार्चमध्येच मारून घ्यावा.

कोपऱ्यात कूलर बसवला की पाण्याची सोय झाली असं कारखानदार धरून चालतात. माझ्या मते खरी चूक इथेच होते. मजुरी मालावर मिळते. कामगार पाण्याला गेला आणि तेवढ्यात धागा तुटला, तर पैसे त्याचेच बुडतात. म्हणून तो तहान मारत उभा राहतो. खरं तर दर १५-२० मिनिटांनी ग्लासभर, साधारण २०० मिली पाणी पोटात जायला हवं. झाकणाची बाटली मागाजवळच अडकवा (उघड्या भांड्यात सुताचं तूस पडतं) आणि मधूनमधून माग सांभाळायला बदली माणूस द्या. संडासाला आतून कडी आहे का, तेही बघा. ती नसेल तर कांड्या भरणाऱ्या (मागासाठी सूत गुंडाळून देणाऱ्या) बायका दुपारभर पाण्याला तोंड लावत नाहीत.

घामाच्या धारा लागत असतील तर ओआरएस, म्हणजे पाण्यात घालायची मीठ-साखरेची पावडर, द्या. २०.५ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यात, अख्खं. ते एका ग्लासात ओतलं तर क्षार फार दाट होतात आणि त्रास उलट वाढतो. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बीपी किंवा साखरेचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर घाम येत असला तरी उष्माघातच समजा. १०८ला फोन करा, सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळीला लावू नका. पहिल्या दिवशी पूर्ण पाळीच्या कामाचा पाचवा हिस्सा, मग रोज तेवढाच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. जुना कामगार मोठ्या सुट्टीवरून आला, तर पहिल्या दिवशी निम्मंच काम, मग ६०, ८० आणि चौथ्या दिवशी १०० टक्के. या दिवसांची मजुरी मात्र कापू नका, नाहीतर तो पहिल्याच दिवशी सगळे माग मागून घेईल.