खाडीचा चिखल आणि गुलाबी कापड

ऐरोलीहून बोटीने गेलो होतो तेव्हा ओहोटीला काढलेला फ्लेमिंगोंचा एक फोटो आहे माझ्याकडे, त्याची आर्ट क्विल्ट करायला घेतलीय, म्हणजे गोधडीच पण भिंतीवर लावायची. ज्याला दाखवते तो म्हणतो, वा काय गुलाबी! पण मला विचाराल तर फोटोतला जीव चिखलात आहे. याच ठाणे खाडीतलं शेवाळ खाऊन त्यांना तो गुलाबी रंग येतो, मग चिखलच सपाट राखाडी करून कसं चालेल?

म्हणून रंगांचं नंतर बघू म्हटलं. फोटो मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट केला, डोळे किलकिले करून बघितला, तर पक्षी आणि चमकणारं पाणी जवळजवळ सारखेच फिकट, आणि सगळ्यात गडद मागची तिवरांची रांग. म्हणजे पक्षी उठून दिसायला हवेत तर त्यांच्यामागे पाणी नको, चिखल हवा! मग पक्षी सरळ खाली सरकवले. फोटोत ते शेकड्याने आहेत, मी सातच घेतलेत, बाकीचे लांबचे नुसते गुलाबी टाके. मैत्रीण म्हणाली मागच्या बिल्डिंगी काढून टाक, मी ठेवल्या. २०२२ मध्ये रामसार दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा) मिळालेली ही खाडी शहराच्या मधोमध आहे आणि ते दिसलंच पाहिजे.

नकाशे छापणाऱ्या झेरॉक्सवाल्याकडून चित्र मोठं करून घेतलं. कापड सगळं जुन्या सुती साड्यांचं, आधी धुऊन घेतलेलं, लाल-गुलाबी तर नक्कीच धुवा कारण रंग जातो. चिखलासाठी छापील साडीची उलटी बाजू वापरतेय, ती फिकट आणि जरा धूसर असते, ओल्या मातीसारखीच दिसते.

पाण्याला वेगळं कापड लावणार नाहीये, ते काम धावदोऱ्याचं, जवळ दाट आणि लांब विरळ. वरचं कापड, मधे पातळ बॅटिंग (म्हणजे आत भरायचा कापसासारखा थर), खाली अस्तर, आणि शिवण मधून कडेकडे न्यायची म्हणजे चुण्या बाहेर निघून जातात. पाय उलट्या टिपेने.

अडलंय ते चोचींवर. छोट्या फ्लेमिंगोची चोच गडद किरमिजी आणि मोठ्याची गुलाबी, टोक तेवढं काळं, माझ्या फोटोत दोन्ही आहेत. किरमिजी खणाचा छोटासा तुकडा हवाय, ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजूला कुठे सुटा मिळत असेल तर सांगा ना प्लीज.